हापावारावरचे पिवळे दाणे

हापावाराच्या टेकडीवरचं जंगल सोमवारी सकाळी सहा वाजता तुटणार होतं, म्हणून आम्ही तिघं रविवारी पहाटे निघालो. काम एकच. त्या टेकडीवर उडत्या खारीच्या लेंड्या शोधायच्या. हो, लेंड्याच! ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे वेळ मिळणार नाही.

तिघं म्हणजे मी, हेल्वी तोलोनेन, तेव्हा वय चौऱ्याहत्तर. दुसरी वनकेंद्राची पोरगी रीक्का, दक्षिणेकडून आलेली, काठीसारखी बारीक, पण सामानाची ओढगाडी कमरेला बांधून दिवसभर एक हूं न करणारी. आणि तिसरा ज्याची टेकडी तो ताउनो युन्तुनेन, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कमरेत तिरका आणि स्वभावाने त्याहून तिरका.

मी शाळेत दोनच हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात युद्ध आलं आणि आमच्या वर्गात सैनिक झोपायला लागले. त्यामुळे माझं लिहिणं हे असं आहे. पण जंगलातलं मला कुणी शिकवायला येऊ नये.

उडती खार मुठीत मावेल एवढी असते. राखाडी, मऊ, आणि डोळे एवढे मोठे की वाटतं सगळी खार डोळ्यांभोवतीच शिवली आहे. जुन्या आस्पेन झाडाच्या खोडात सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोलीत राहते. पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते, साठ पावलं, फार तर सत्तर. त्यापुढे झाड नसेल तर संपलं. जमिनीवर उतरली की घुबड वाट बघत असतं. माझ्या लहानपणी गोठ्यामागच्या झाडांवर ती रोज दिसायची. आता माझ्या नातवंडांनी ती कॅलेंडरवरच पाहिली आहे. जुनी झाडं गेली, तशी तीही गेली.

मी माझं जंगल वीस वर्षं तोडणार नाही असा करार लिहून दिला. स्वखुशीचा करार. सरकार काही काढून घेत नाही, मालक आपण होऊन देतो. माझ्यामागून खोऱ्यातल्या आणखी सहा घरांनी दिला. काहींनी मनापासून दिला, काहींनी मी त्यांच्या स्वयंपाकघरातून उठेना म्हणून दिला. पण सगळ्यांच्या मधोमध ताउनोची हापावारा. ती तुटली की आमची जंगलं म्हणजे सात वेगवेगळे तुरुंग, इकडची खार तिकडे जाणार नाही. कायदा म्हणतो, खारीचं घर सापडलं तर ते झाड आणि भोवतीची चार ठेवा. चार झाडांवर कुणी संसार करतं का?

आणि ताउनोचं नि माझं एकतीस वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या नवऱ्याने, पाउलीने, एक मूस, म्हणजे घोड्याएवढं सांबर, मारला होता. गोळी आमच्या हद्दीत लागली, जनावर पडलं ताउनोच्या हद्दीत. मांस वाटलं गेलं, पण जीभ, म्हणजे मानाचा तुकडा, कुणाची यावर दोघं भांडले. पाउली गेला, जीभ कधीच खाऊन झाली, भांडण मात्र ताजं राहिलं.

रीक्का त्याच्याकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, कागदावर खार चढत नाही. माझ्या जागेत, माझ्या डोळ्यांना लेंड्यांचे दाणे दाखवा, सही करतो. आणि ती तोलोनेनची मालकीण स्वतः आली पाहिजे. त्याला वाटलं होतं, मी येणार नाही. मला ओळखलं नाही त्याने!

पहाटे पाचला तो माझ्या अंगणात उभा होता. आत आला नाही, मीही बोलावलं नाही. स्की बांधल्या आणि निघालो.

एप्रिलमधलं आमच्याकडचं हिम मोठं लबाड असतं. रात्री गोठतं आणि वर अशी कडक खपली धरतं की घोडा चालेल. पण दहाच्या पुढे ऊन चढलं की तीच खपली कागदासारखी फाटते आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. म्हणजे वेळ थोडा. चौदा किलोमीटर जायचं होतं. माझं जंगल, मग मोठी दलदल, मग कोर्पीयार्वीचं तळं, आणि तळ्यापलीकडे हापावारा. लेंड्याही याच दिवसांत दिसतात. हिवाळाभर झाडाच्या बुंध्याशी साचलेल्या असतात, पिवळ्याधमक, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मे उजाडला की पावसात विरघळतात आणि गवत वर येतं.

पहिले चार तास असे गेले की काय सांगू! स्की खपलीवरून सुसाट. दलदलीवर सूर्य उगवला तेव्हा सगळं पठार गुलाबी झालं होतं, मधूनमधून खुरटी पाइनची झाडं, म्हाताऱ्यांसारखी वाकलेली, आणि दूरवर कुठेतरी रानकोंबडे घुमत होते. रीक्का थांबून बघत राहिली. ताउनो तिच्या बाजूला उभा राहिला आणि वाकड्या कमरेचा माणूस क्षणभर सरळ दिसला. मी पुढेच राहिले होते. त्याच्या मागून जायचं मला सोसलं नसतं.

दलदलीच्या कडेला कॉफी केली. आणि इथेच आमची चूक झाली, अशी चूक आमच्याकडचेच लोक करू शकतात.

आमच्याकडे पाहुण्याने कॉफीला लगेच बसायचं नसतं. पहिल्यांदा म्हटलं की तो म्हणतो नको, आत्ताच प्यायलो. दुसऱ्यांदा म्हटलं की म्हणतो, उगाच त्रास कशाला. तिसऱ्यांदा म्हटलं की बसतो. ही रीत आहे. मी ताउनोला एकदा म्हटलं. तो म्हणाला, नको, प्यायलोय. आणि मी दुसऱ्यांदा म्हटलंच नाही.

तो झाडाला टेकून उभा राहिला. पण निघेनाही. मोठी माणसं बसल्याशिवाय कप उचलायचा नाही एवढं रीक्काला ठाऊक होतं, म्हणून तिनेही हात लावला नाही. कपांत मी आमच्या पद्धतीने चीजचे तुकडे टाकले होते. ते कॉफीत मऊ झाले, मग विरघळले, मग कॉफी गार झाली. शेकोटी विझली. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता चाळीस मिनिटं तशीच. शेवटी रीक्का हळूच म्हणाली, ऊन वर आलंय.

ऊन वर आलं होतंच. शंभर पावलं गेलो नाही तो रीक्काचा एक पाय आत गेला. मग ओढगाडी फसली. मग मी. एक पाय ओढून काढावा तो दुसरा आत! घामाने अंगातली लोकर ओली झाली. ताउनो तेवढा जुन्या लांब रुंद स्कींवर तग धरून होता, अधूनमधून खोकत. एक किलोमीटरला तास लागला.

तळ्याच्या काठी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ठरलं होतं की तळ्यात घुसलेल्या भूशिराला वळसा घालून जायचं. म्हणजे आणखी तीन किलोमीटर, त्या असल्या हिमातून. समोर तळ्याची चिंचोळी मान होती, तीनशे पावलांची. वर पांढरं, सपाट, स्वच्छ. मी ताउनोकडे बघितलं. त्याने घसा खाकरला आणि काठावरच्या झुडपांकडे बघत राहिला. मला वाटलं, हा माझी मजा बघतोय. बघ म्हटलं मनात, आणि मी स्की तळ्यावर घातल्या.

दोनशे पावलं काही झालं नाही.

मग बर्फाचा रंग बदलला. राखाडी. ओला. मी थांबले. पायाखालून एक लांब सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. वळायला एक पाय उचलला आणि बर्फ तुटला!

पाणी छातीवर आलं तेव्हा श्वासच बंद झाला. ओरडायचं म्हटलं तरी हवा नाही. प्रवाह पाय ओढत होता, बर्फाखाली. एक स्की सुटली, दुसरी अडकली. हात कडेवर टाकले, कड तुटली. पुन्हा टाकले, पुन्हा तुटली. गळ्यात टोचे होते, दोन लाकडी मुठी आणि त्यांना खिळे, अशाच वेळेसाठी. पण ते मी सकाळी थंडीला कोटाच्या आत घेतले होते, आणि आता बोटांना चेन उघडेना!

तेवढ्यात समोर ताउनो दिसला. पोटावर. बर्फावर सपाट पडून, आपली लांब स्की हातांनी पुढे ढकलत, अगदी सावकाश येत होता. घाईची एक हालचाल नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कमरेचं हाड निकामी, आणि सापासारखा सरकत होता. मागे रीक्का, तीही आडवी, ओढगाडीचा दोर त्याच्या पायाला बांधून. स्कीचं टोक माझ्या हाताशी आलं.

"धर," तो म्हणाला. "आणि लाथा मार. पोहल्यासारख्या."

मी धरलं. लाथा मारल्या. रीक्काने मागून ओढलं. कड तुटली, आणखी ओढलं, पुन्हा तुटली, आणि मग धरली! मी पालथी बाहेर आले, माशासारखी.

काठावर येऊन त्यांनी मला झाडांच्या सावलीतल्या कोरड्या हिमात लोळवलं, हिम पाणी शोषतं म्हणून. माझे दात वाजत होते. तरीही पहिलं वाक्य मीच बोलले.

"तुला ठाऊक होतं तिथे पातळ आहे."

"ठाऊक होतं. तळाशी झरा आहे. एप्रिलमध्ये तिथून माझा कुत्राही जात नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

रीक्का म्हणाली, भांडायचं तर चालता चालता भांडा. तिचं बरोबर होतं.

ताउनोची मासेमारीची खोपी काठाकाठाने अर्ध्या किलोमीटरवर होती. हापावारा भूशिराला वळसा घालून तीन किलोमीटर. मी म्हटलं, टेकडीवर जाऊ. रीक्का म्हणाली, या ओल्या कपड्यांत तासाभरात तुमचे हात चालायचे थांबतील, मग पाय. मी म्हटलं, उद्या सहाला झाडं तोडायचं यंत्र येतंय. ती म्हणाली, तुम्ही मेलात तर यंत्र पाचलाच येईल. जीभ आहे पोरीला. आवडली मला.

मी उठले आणि टेकडीच्या दिशेने चालायला लागले. खरंच लागले. दहा पावलं गेले असेन. मागून ताउनोचा आवाज आला.

"रीक्का, तो कागद दे."

तिच्या पिशवीत करार होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याने तो गुडघ्यावर ठेवला, छातीच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.

"करतो सही. बाईला म्हणावं, खोपीत चल."

मला हवं होतं तेच समोर आलं होतं. सगळी टेकडी, सगळी आस्पेनं, आमची सातही जंगलं एकमेकांना जोडलेली. नुसतं गप्प राहायचं होतं. माझ्या अंगावरचं पाणी वाऱ्याने गोठून कोट पत्र्यासारखा वाजत होता. मी मागे फिरले आणि कागदावर हात ठेवला.

"तुझी सही मला अशी पाण्यातून उपसून काढलेली नको. याचं नाव स्वखुशीचा करार आहे. मला फार वाचता येत नाही, पण तेवढा शब्द येतो."

ताउनोने कागद रीक्काला परत दिला. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"खोपी कुठे आहे?" मी विचारलं.

अशी मी हापावारा सोडली. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये माझे पाय मला लाकडाचे वाटत होते, पण जड झालं होतं ते काळीज. वीस पिढ्या तिथे खारी असतील, आणि एका बाईच्या हट्टाने त्यांची शेवटची रात्र आली, असं वाटत राहिलं. चूक माझी होती. कॉफी माझी होती.

खोपीत ताउनोने चूल पेटवली. त्याचं चूल पेटवणं बघावं! एक काडी, भूर्जाच्या सालीचा एक कपटा, आणि आग. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवतो म्हणाला, पण रीक्काने अडवलं, आधी कोरडे कपडे, गरम सूप, उष्णता सावकाश. कोरडे कपडे म्हणजे ताउनोची लोकरीची आतली विजार आणि त्याचा स्वेटर. तोलोनेनची मालकीण युन्तुनेनच्या विजारीत! पाउलीने पाहिलं असतं तर थडग्यात कूस बदलली असती. ताउनो हसला नाही. पाठ फिरवून माशाचं सूप ढवळत राहिला, खांदे मात्र जरा हलत होते.

संध्याकाळी तो करार घेऊन खिडकीशी बसला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून हात लांब करून वाचत होता. सगळा वाचला, दोन्ही बाजू. एकच प्रश्न विचारला, पडलेलं झाड जळणाला उचलता येईल का. रीक्का म्हणाली, नाही, मेलेलं झाडही राहू द्यायचं.

"मग ते कुणाच्या कामाचं?"

"सुतारपक्ष्याच्या. तो भोक पाडतो, मग त्यात खार राहते."

तो हं म्हणाला आणि कागद घडी करून टेबलावर ठेवला. यंत्राचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. खोपीत फोन लागत नाही. यंत्र चालवणारा यार्मो त्याचाच भाचा, त्यानेच कामाला लावलेला. जंगल ताउनोचं. मी तोंड उघडलं असतं तर ते पुन्हा ओढून काढणंच झालं असतं. आयुष्यात एवढा वेळ गप्प मी बाळंतपणातही राहिले नसेन.

सकाळी जागी झाले तेव्हा ताउनोचा बाक रिकामा होता. स्की नव्हत्या. खपली पुन्हा काचेसारखी कडक झाली होती, त्यामुळे मागही नीट उमटला नव्हता, काठीच्या टोकांच्या खुणा तेवढ्या होत्या. त्या भूशिराला वळसा घालून टेकडीकडे गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, भाच्याला हद्द दाखवायला गेला.

सहाला पलीकडून इंजिनाचा आवाज आला. जड, घुमणारा. रीक्का दारात उभी राहिली. मी चुलीपाशीच बसून राहिले. आता पहिलं झाड पडेल, आता पडेल. आस्पेन पडताना कडकडत नाही, दमलेल्या माणसासारखं बसतं. मी त्या आवाजाची वाट बघत होते.

इंजिन थांबलं.

मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. नुसता टिटव्यांसारखा कुठल्यातरी पाखराचा आवाज आणि चुलीतली लाकडं.

आठ वाजता ताउनो काठाकाठाने आला. डोक्यावर टोपी नव्हती. उघड्या डोक्यावर पांढरे केस उभे राहिले होते. काठ्या काखेत, आणि टोपी दोन्ही हातांत उलटी धरलेली, अंडी आणावीत तशी. आत आला, टोपी टेबलावर ठेवली.

टोपीत शेवाळाचा एक पुंजका होता, आणि त्यावर पिवळे दाणे. ओंजळभर. ताजे, उन्हासारखे!

रीक्काने एक दाणा बोटांवर घेतला, फोडला, वास घेतला आणि खाली बसली. मग रडली. मी रडले नाही, मला धूर लागला होता.

"सतरा झाडांखाली," ताउनो म्हणाला. "मला सोळा सापडली. सतरावं यार्मोने शोधलं."

त्याने बसून सांगितलं तेव्हा कळलं. पहाटे तीनला निघाला होता, खपली धरली तेव्हा. त्या कमरेने, एकटा, वळसा घालून. परवाचं ताजं हिम बुंध्यांवर बसलं होतं, ते हातांनी खरवडत एकेक झाड करत गेला. सहाला यार्मो आला तेव्हा हा गुडघ्यांवर होता. त्या लठ्ठ यार्मोने इंजिन बंद केलं, खाली उतरला, काय हरवलं विचारलं, आणि मामाच्या शेजारी गुडघ्यांवर बसून तोही खरवडायला लागला. एका ढोलीतून एकीने डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं म्हणे. दिवसाउजेडी! ताउनोने हे सांगितलं तेव्हा त्याने आपल्या हातांकडे बघितलं, आमच्याकडे नाही.

"यार्मो विचारत होता, मग कधी येऊ."

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, वीस वर्षांनी ये."

त्याने रीक्काकडून पेन मागून घेतलं, पेन्सिल नको म्हणाला. कागद सरळ केला, आणि लिहायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"आता बघ, मालकीणबाई. आता कुणी बुडत नाहीये."

आणि त्याने आपलं नाव लिहिलं, सगळंच्या सगळं, टोपणनाव नाही, बापाचं नावही घातलं, कुणी मागितलं नसताना. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. मला तीन ओळी लिहाव्यात एवढा वेळ लागला. तो थांबला.

त्याला दहा वर्षं झाली. हापावारा उभी आहे. माझ्या हद्दीतून तिच्याकडे जाणाऱ्या झाडांखाली रीक्काला गेल्या वसंतात दाणे सापडले. खारी ये-जा करतात. आणि ताउनो सहकारी दुकानासमोर, चर्चच्या पायऱ्यांवर, आत माझ्या पाठच्या बाकावर बसून दिसेल त्याला सांगतो, की तोलोनेनच्या जंगलात असतील एखाद-दोन, भटकायला गेलेल्या. खऱ्या खारी युन्तुनेनच्या. तिला तर आपल्या खारी आहेत की नाहीत हेच ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं मला. पाउलीलाही ठाऊक होतं. सात घरांच्या सह्या मी आणल्या, आणि पहिली माझी होती.

पण मी त्याचं बोलणं एकदाही खोडलेलं नाही. तो माणूस आता रोज त्या टेकडीवर जातो, आपल्या सतरा झाडांची राखण करायला, आणि तेही स्वखुशीने, कुणी जा म्हणून सांगितलेलं नसताना.